थरथर

तांबट आळीतल्या दुकानात उत्कर्षाने मोबाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून वडिलांपुढे धरलं: "अण्णा, सूर्य कशाकशाचा बनलाय, याचं त्याच्या पृष्ठभागावरच्या प्रकाशावरून निघणारं उत्तर आणि माझं उत्तर जुळत नाही. माझंच चुकलं असणार. सूर्याच्या पोटातला आवाज काही इथवर पोचत नाही, मी नुसती त्याने उठणारी थरथर मोजते. उद्या प्रबंध मागे घेते."

अण्णांनी गिऱ्हाइकाचं लखलखीत पितळी घंगाळ पुढे ओढलं, हातोडीने हलकंच ठोकलं आणि दुसरा तळवा त्यावर टेकवला.

"वरच्या झिलईला भुलू नये. यात जस्त जास्त पडलंय."

"हे कशावरून?" तिने लिहिलं.

चाळीस वर्षांच्या ठोक्यांत दोन्ही कान गमावलेले अण्णा हसले.

"थरथर लागते हाताला. मला तरी कुठं ऐकू येतं?"