राजाच्या मुलाची तयारी

“पोरगा सोळा वर्षांचा झाला तेव्हा फिलिपने त्याच्या हाती राज्याची मुद्रा दिली आणि स्वतः मोहिमेवर निघून गेला. लिहिलंस?”

“लिहिलं, बाबा. आधी गोळी घ्या,” रेणू मोठ्याने म्हणाली.

“ओरडतेस काय? बहिरा आहे, लहान नाही.”

मार्चमधला रविवार होता. क्लीव्हलँडपासून दोन तासांवरच्या डब्लिनमधल्या घरासमोर अजून बर्फाचे ढीग होते. मॅसिडोनियाच्या फिलिप राजाने आपल्या मुलाला, अलेक्झांडरला, कसं घडवलं याची टिपणं बाबा वर्षभर सांगत होते. रेणू ती टाइप करून धाकट्या भावाच्या, परीक्षितच्या, ईमेलवर पाठवायची. फोनवर बाबांना शब्द कळत नसत, म्हणून सगळं लेखी चाले.

बाबांनी पुलांचं डिझाइन करणारी फर्म उभी केली होती. तीन वर्षांपूर्वी बायपास झाली आणि त्यांचं ऑफिसला जाणं सुटलं. तेव्हापासून फर्म रेणू बघत होती.

“तू सांभाळतेस ते चांगलंच आहे,” बाबा म्हणत. “पण तात्पुरतं. तो येईपर्यंत.”

रेणू कपडे ड्रायरमध्ये टाकायला खाली गेली. ती वर आली तेव्हा बाबा टॅब्लेट डोळ्यांशी धरून बसले होते. पडद्यावर परीक्षितचं नाव होतं, खाली मोठ्या अक्षरांत इंग्रजी ओळ.

“बघ, काय विचारतोय! मुलगा तयार झालाय हे राजाला कळलं कसं? याला म्हणतात प्रश्न. तुला सुचला असता?”

“नसता सुचला.”

“त्याला लिही, याचं उत्तर समोर बसल्यावर मिळेल. शेवटचं प्रकरण मी पाठवणार नाही. इथे या खुर्चीत येऊन ऐकायचं.”

“बिझी असतो हो, बाबा.”

“तीन दिवाळ्या बिझी? नेक्स्ट मंथ, नेक्स्ट मंथ. व्हिडिओवर तोंड दाखवायलाही वेळ नाही. माझी छाती उघडली होती तेव्हा तरी यायचं.”

“तेव्हा नाही जमलं त्याला.”

“विसरला तो मला. तू आपली त्याचीच बाजू घे.”

 रेणूने गोळी आणि पाण्याचा ग्लास त्यांच्या हातात दिला. मग विचारलं, “राजाला मुलगी नव्हती?”

“होती की. तिच्याच लग्नात त्याचा खून झाला.”

“तिला काय शिकवलं त्याने?”

“ते कोण लिहून ठेवतंय!” बाबा हसले. “चल, वरणभात वाढ. आणि तूप जरा हात सैल सोडून.”

सोमवारी सकाळी ती चहा घेऊन गेली, तेव्हा बाबा खुर्चीतच गेलेले होते. टॅब्लेट मांडीवर होता. त्यांनी स्वतः एका बोटाने इंग्रजीत टाइप केलं होतं: ‘कम वन्स. आय ॲम नॉट अँग्री.’ पाठवलेलं होतं.

गुरुवारी फ्यूनरल होममध्ये अंत्यविधीला पन्नासेक माणसं जमली. बाबांचे चाळीस वर्षांचे मित्र, निवृत्त डॉक्टर श्रीरंगकाका, रेणूशेजारी येऊन बसले.

“माझंच चुकलं,” ते हळूच म्हणाले. “मीच तुला थांब म्हणालो. मग थांबणंच होत गेलं.”

“मी लहान नव्हते, काका.”

“आता तरी सांगून टाक. तुलाच हलकं वाटेल.”

क्लीव्हलँडहून आलेले नवे गुरुजी पुढे झाले. “दहनाच्या मशीनचं बटण मुलाने दाबायचं. चिरंजीव पोहोचलेत ना?”

पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी मान खाली घातली. 

“मी दाबते,” रेणू म्हणाली.

“तसंही चालतं, ताई,” गुरुजी घाईने म्हणाले.

तिने पाच मिनिटं एकटीसाठी मागून घेतली. सगळे बाहेर गेले. दार लागलं. बाबांना त्यांचा करडा सूट घातला होता. कॉलर त्यांना सैल होत होती. तिने ती नीट केली.

“बाबा, परीक्षित तुम्हाला विसरला नव्हता,” ती म्हणाली. “तुमच्या बायपासचं ऐकून तो निघाला होता, एअरपोर्टच्या रस्त्यावर त्याची गाडी उलटली. तो तिथेच गेला. तीन वर्षं तुम्हाला मी लिहीत होते.”