प्रवाळाची पसंती

अंदमानच्या प्रवाळांनी प्रभुदेसाईंना नकार कळवला होता, लक्षद्वीपचं अजून नुसतं "कळवतो" होतं. माशांची भाषा समजू लागल्यापासून नवशिक्या पाणबुड्यांना समुद्रच पारखून घेई. आता उरलं तारकर्ली.

पडद्यावर तिथला म्हातारा हेकरू मासा आला, तसे निवृत्तीनंतर स्कूबा शिकलेले प्रभुदेसाई सावरून बसले.

"मासे खाता?" हेकरूने विचारलं.

"छे! आमच्याकडे अंडंसुद्धा चालत नाही."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायकोची हाक आली, "अहो, सुरमईच्या तुकड्या किती तळू?"

प्रभुदेसाईंनी डोळेच मिटून घेतले. हेकरू पडद्याजवळ सरकला.

"सुरमई?" तो म्हणाला. "तिने माझी तीन भाचरं खाल्ली. वहिनींना म्हणावं, सगळ्या तळा. आणि रविवारी दोघंही या."