मागच्या दारची पहाट

प्रदर्शनात सासूबाई नेमक्या तिच्याच गोधडीसमोर थबकल्या, तशी मागून येणारी हेमलता जागीच थांबली.

गोधडीवर त्यांचीच पहाट होती. घर झोपलेलं, मागचं दार उघडं आणि पायरीवर मोकळ्या केसांनी एकटीच चहा पिणारी एक बाई. दिवसभर घराला धाकात ठेवणाऱ्या सासूबाई त्या अर्ध्या तासात किती निराळ्या दिसतात, हे हेमलता बारा वर्षं खिडकीतून गुपचूप पाहत आली होती. त्यांच्याच जुन्या सुती साड्यांचे तुकडे जोडून तिने ती पहाट टाक्याटाक्याने उतरवली होती. त्यांना विचारायचं धाडस मात्र झालं नव्हतं.

आता चारचौघांत आपली शोभा होणार, म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली.

"हे कुठून पाहिलंस?" सासूबाईंनी विचारलं.

"खिडकीतून. मला रोजच जाग येते. तुमचा निवांतपणा मोडू नये, म्हणून कधी बोलले नाही."

सासूबाई गोधडीच्या आणखी जवळ गेल्या. मग त्यांनी कापडातल्या त्या बाईच्या केसांवरून हलकेच बोट फिरवलं.

"बारा वर्षं जागी होतीस," त्या कापऱ्या आवाजात म्हणाल्या, "मग बाहेर का नाही आलीस गं?"