औशाच्या पुढं न गेलेली गाडी

गाडी बंद पडली ती नेमकी क्लासच्या दारात. लातुरात तेव्हा दर दुसऱ्या इमारतीवर डॉक्टर-इंजिनिअर घडवणाऱ्या क्लासची पाटी, अन् पाटीखाली सायकलींचा बाजार. पोरं सुटायला आणि नीलम्माची लाल गाडी घुर्र करून गप व्हायला एकच गाठ पडली. वर हॉर्न अडकला. त्याचा आवाज असा, की म्हशीनं हंबरावं आणि कुणी शंख फुंकावा, दोन्ही एकदम.

"आज्जी, रेस कुठं हाय?" एका पोरानं विचारलं.

"तुझ्या सासुरवाडीला. पोरगी बघून ठेवलीय."

पोरं खिदळली. नीलम्मानं पदर खोचला, बॉनेट उघडलं आणि हॉर्नची वायर उपटली. रस्ता एकदम शांत झाला.

गाडी दोनच माणसांची, वर टप नाही. तिच्या नवऱ्यानं, गुरुपादप्पांनी, डाळमिल नवी असताना हैदराबादच्या एका नवाबाकडून आणलेली. नवाब म्हणे हिच्यातून मोरांचा पाठलाग करायचा. नीलम्मा सांगताना त्यात भर घालायची, की मोरच पुढं निघून जायचे आणि वळणावर थांबून वाट बघायचे.

शेजारच्या सीटवर गुरुपादप्पा, सगळ्यांचे अप्पा, मांडी घालून बसलेले. नवं धोतर, डोक्याला फेटा, कपाळभर भस्म, डोळे मिटलेले. वळणावर कलू नयेत म्हणून नीलम्मानं शालीनं सीटला बांधलेलं. लकवा झाल्यापासून त्यांच्या तोंडात शब्द उरले नव्हते.

मागं पेट्रोल ओढायचा पंप होता. तो रुसला की त्याला चपलेनं दोन टोले द्यायचे, एवढंच औषध. नीलम्मानं चप्पल काढली, टोले दिले. टिक-टिक सुरू झाली. पण बॅटरी मलूल.

"ढकला रे लेकरांनो."

"आज्जी, आजोबांना उतरवा की. वजन तरी कमी होईल."

"ते उतरायचे न्हाईत. तू ढकल."

पोरगं पुढं आलं, त्यानं अप्पांकडं एकदा बघितलं. मग खाली मान घालून मागं गेलं आणि सगळ्यात जास्त जोर त्यानंच लावला. गाडी धूर सोडत निघाली.

सकाळीच पुतण्यानं, संगमेश्वरनं, वाद घातला होता. "काकू, अप्पांना टेम्पोत नेऊ. त्या डबड्याचा काय भरवसा?"

"ह्याच गाडीतून न्यायचं. लेक ह्याच गाडीतून गेली."

"दिवस बुडाला तर?"

"न्हाई बुडत."

पण भावकीनं ठरवूनच टाकलं होतं. दिवस बुडायच्या आत नीलम्मा गावाकडच्या शेतात पोचली तर ठीक, नाहीतर सगळ्यांनी माघारी फिरायचं आणि जे करायचं ते लातुरातच. मग अप्पा लेकीपाशी काही जात नाहीत. टेम्पोनं मंडळी पुढं गेली. मठाचे स्वामीही शेतात येऊन थांबले होते.

वर्षाराणी एकुलती. गणपती बुडवायला आजीकडं जायचं म्हणून तिनं घर डोक्यावर घेतलं होतं. अप्पांनी स्वतः तिला ह्या गाडीतून गावी सोडलं आणि मिलसाठी लातूरला परतले. गणपती बुडाले त्याच रात्री, पहाटे भुई हलली. दगडाचं घर खाली आलं. शेतातच लेकीची समाधी केली. त्या दिवसानंतर अप्पा तिकडं गेले नाहीत.

निघायचे मात्र दरवर्षी. नीलम्माला शेजारी बसवायचे, मोगऱ्याचा हार घ्यायचे, आणि औशाच्या नाक्यावर गाडी बंद पडायची. दरवर्षी तिथंच. लोक हसायचे. अप्पा खाली मान घालून सगळं ऐकून घ्यायचे.

"बंद पडली का हो?" नीलम्मा विचारायची.

"पडली."

त्यांचा हात हळूच किल्लीकडं गेलेला तिनं दर बारी बघितला होता. एकदाही बोलली नाही. हार घेऊन दोघं माघारी यायची.

आज औशाच्या नाक्यावर गाडी आली आणि खरोखरच विझली. सूर्य किल्ल्याच्या बुरुजाकडं कलायला लागलेला.

नाक्यावरच्या गॅरेजातून जिलानी बाहेर आला. दरवर्षी धडधाकट गाडी उघडून, काहीच न बोलता बॉनेट बंद करणारा हाच.

"अम्मा, आज बी?"

"आज खरंच बिघडली रे."

जिलानीनं अप्पांकडं बघितलं. हातातला पाना खाली ठेवला.

"ऊन लई हाय," नीलम्मा म्हणाली. "नळीत पेट्रोलची वाफ झाली असंल. फडकं भिजवून दे."

त्यानं खांद्यावरचा रुमालच माठात बुडवला. तिनं तो नळीवर गुंडाळला. दोघं वाट बघत उभी राहिली. हसायला आज कुणी आलं नाही.

"अप्पा," जिलानी छातीवर हात ठेवून हळूच म्हणाला, "आता तरी जावा पोरीकडं."

किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली. लेकीच्या समाधीनंतर ती या नाक्याच्या पुढं गेली नव्हती. नीलम्मा वाटभर बोलत राहिली. करडई कशी वाऱ्याला चिडवायची, भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावातली घरं इतकी एकसारखी, की नवरे चुकून शेजारणीकडं जेवून येतात म्हणे. एक हात स्टिअरिंगवर, दुसरा अप्पांच्या हातावर.

"किल्लीला हात लावायचा न्हाई आज," ती म्हणाली. अन् तिनं गिअर बदलला.

शेत आलं तेव्हा दिवस वीतभर वर होता. भजन थांबलं. संगमेश्वर पळत आला अन् त्यानं शालीची गाठ सोडली. स्वामींनी खूण केली.

लिंगायतांच्या रीतीप्रमाणं चौघांनी अप्पांचा देह बसलेला तसाच अलगद उचलला, वर्षाराणीच्या समाधीला लागून खणलेल्या खड्ड्यात उतरवला, आणि स्वामींनी त्यांच्या मांडीवर मिठाची पहिली पाटी ओतली.