एका नंबरवर एकच

बादली डोक्यावर धरली म्हणूनच ती लाइनमनच्या हाती टिकली. आधीच्या दोन त्याच्या हातातून ओढून नेल्या होत्या. नेणारे हात तेवढे दिसले, चेहरे दिसले नाहीत. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. धुण्याच्या पावडरीचा ढीग सकाळी म्हणे छताला टेकला होता, आता तळाचा पुठ्ठा दिसत होता. पावडर निम्म्या किमतीत आणि ती जिच्यात भरली होती ती बादली फुकट. वर मोठ्या अक्षरांत पाटी लावली होती: एका नंबरवर एकच.

एकट्या माणसाला एवढी पावडर दोन वर्षं पुरली असती. पण त्याला हवी होती बादली. घरातलीला तळाशी चीर गेली होती. एरवी तो गर्दीच्या वाटेला जाणारा माणूस नव्हता. चौतीस वर्षं त्याने टेलिफोनच्या तारा जोडल्या होत्या, आणि खांबावर एका वेळी एकच माणूस चढतो. आज तो टेलिफोनच्या कचेरीत निघाला होता. वाटेत हे दुकान लागलं, बादली दिसली आणि तो आत शिरला.

कचेरीत द्यायचा अर्ज खिशात होता. घरचा फोन बंद करावा, ही विनंती. शेजारी कधीचे मागे लागले होते, आता तारेचा फोन कोण ठेवतं? खात्याची सवय सुटत नाही, म्हणून त्याची थट्टाही करायचे. तोही हसून वेळ मारून न्यायचा. खरं कारण त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. त्याच्या मुलीला तोच एक नंबर ठाऊक होता.

नऊ वर्षांपूर्वी त्याची बायको गेली, तेव्हा परगावी नोकरीला असलेली मुलगी दुसऱ्या दिवशी पोचली. सगळं आटोपलं होतं. दारातच तो तिला म्हणाला, "आता या घरात फोनसुद्धा करू नकोस." खरं तर निरोप त्यानेच उशिरा दिला होता. होईल बरी, पोरीला कशाला धावपळ, असं म्हणत दोन दिवस त्याने फोनला हात लावला नव्हता. हे स्वतःशी कबूल करायला त्याला बरीच वर्षं लागली. मग एकदा धीर करून त्याने तिला फोन लावला, तर तो नंबर भलत्याच कोणाचा तरी झाला होता. आणि मुलगी बापाच्या शब्दाबाहेर गेली नाही. तिने फोन केला नाही.

परवा फोनवरची धूळ पुसताना त्याला स्वतःचाच राग आला. त्याच रागात त्याने अर्ज लिहून टाकला.

रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. मागच्या बाईची ट्रॉली दर दोन मिनिटांनी त्याच्या टाचेला लागत होती.

"काका, उतरवा आता ती डोक्यावरून. इथे कोण पळवतंय?"

"वहिनी, दोन गेल्यात," तो म्हणाला.

काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता विचारलं, "नंबर?"

त्याने घरचा नंबर सांगितला, खात्यात सांगायचे तसा, दोन-दोन आकडे तोडून. हे दुकान नवं उघडलं तेव्हा त्याच्या मुलीनेच हौसेने फॉर्म भरून त्या नंबरवर कार्ड काढलं होतं. त्यानंतर तो इकडे फिरकलाच नव्हता.

"काका, या नंबरवर आजची बादली गेलीय."

"कशी जाईल? मी आत्ता तर आलोय. आणि माझ्या घरात मी एकटाच."

काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला. "हे बघा ना. काउंटर चार, अर्धा तास झाला. बादली एक, तांदूळ, लहान मुलांचे टूथब्रश दोन." तिने खाली आणखी पाहिलं. "आजचंच नाही हे. चार महिने दर आठवड्याला खरेदी आहे. त्याआधी दुसऱ्या गावच्या शाखेत. सात-आठ वर्षं तरी असेल."

लाइनमनने पडद्याकडे पाहिलं. मग मागे वळून चार नंबरच्या काउंटरकडे पाहिलं. तिथे सगळी अनोळखी माणसं होती. अर्ध्या तासापूर्वी तो पावडरीच्या ढिगापाशीच होता. कितीतरी जणांची कोपरं लागली होती आणि तो कितीतरी जणांवर खेकसला होता.

"काका, आवरा की," मागची बाई म्हणाली.

काउंटरवरच्या मुलीला त्याची दया आली असावी. "कोणीतरी बिनदिक्कत तुमचा नंबर वापरतंय. मी तो बंदच करून टाकते. तुमच्या मोबाइलवर नवीन कार्ड काढू, म्हणजे बादली पण मिळेल."

"नको! बंद नको करू." तो एवढ्या मोठ्याने ओरडला की शेजारच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मग तो हळू आवाजात म्हणाला, "घरच्यांनीच नेलीय."

त्याने बादली काउंटरवर ठेवली. मागच्या बाईला ती मिळाली नव्हती, तिने लगेच उचलून ट्रॉलीत घातली. नकोशी बिलं टाकायला काउंटरखाली एक टोपली होती. त्याने खिशातला अर्ज काढला आणि त्या टोपलीत टाकला. तरी तो तिथून हलेना.

"पोरी, माझं एक काम करशील? एक निरोप सांगायचाय."

"कोणाला?"

"हा नंबर जी सांगेल ना, तिला. म्हणावं, फोन अजून चालू आहे. केलास तरी चालेल."