मेघालीचं यक्क

"यक्क!" मेघालीने जीभ बाहेर काढली.

नलूने पाटीतला दुसरा मासा उचलून पाच वर्षांच्या नातीच्या नाकापुढे धरला. "आनि हा?"

"यीईईक्क!" पोरीला खरंच उमासा आला.

नलू खूश होऊन हसली आणि तो लालभडक कल्ल्यांचा, चांगला हातभर मासा तिने अंगणातल्या खड्ड्यात टाकला. नातीचे लाड करावेत, पण इतके?

सून हिमानीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुधाच्या सायीला यक, वांग्याला यक्क, आणि नाक दाबून लांबवलेलं यीईईक्क म्हणजे घाणीतली घाण. परवा पोरीने शाळेतल्या बाईंच्या डब्याला ते लांबवलं आणि हिमानीला बोलावणं आलं.

"आई, तुम्हीच हिला लाडावलंय. कोळणीची नात मासळीला यक्क म्हणते! किळस येते मला त्या शब्दाची."

"म्हनू दे गो. पोर हाय."

गेल्या पावसाळ्यातल्या तापातून उठल्यापासून सासूबाईंचं हे असंच. मागे चुलीवर दूध करपून काळं झालं, तरी या शेजारीच नातीशी खेळत बसलेल्या.

नवापूरच्या खाडीत कसलंतरी घाणेरडं पाणी उतरायचं. मासा दिसायला ताजा, पण नाकाशी धरला तर रॉकेलसारखा बारीक दर्प, आणि शिजवला की घरभर. बोईसरच्या बाजारात गिऱ्हाइकांनी इतर कोळणींच्या तोंडावर मासळी फेकली होती. नलूची मात्र चाळीस वर्षांत कुणी परत आणली नव्हती. "एकदा जरी परत आली, तर मी बाजारात तोंड दाखवनार नाय," असं ती म्हणायची.

रविवारी हिमानीने पोरीला कोपऱ्यात घेतलं. "पुन्हा तो शब्द काढलास तर तोंडात मिरची घालीन. कुणी विचारलं, तर छान म्हणायचं."

सोमवारी पाटी भरली.

"हा?"

"छान."

"आनि हा?"

"छान आहे, आजी." पोरीचे डोळे पाण्याने भरले होते.

"बघा आई, सुधारली की नाही?" हिमानी म्हणाली आणि समाधानाने आत गेली.

बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. नलूने तो मासा स्वतःच्या नाकाला लावला, दीर्घ श्वास घेतला. मग दुसरा. मग तिसरा. तिने नातीला जवळ ओढलं आणि सुनेला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली,

"बाय, आजीला तरी खरं सांग. माज्या नाकाला वास येत नाय गो."