मुळ्याची फोड

पोलिन चेंगडूच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टर. त्याने आईच्या हातातली मुळ्याच्या लोणच्याची बरणीच ओढली.

"मीठ बंद सांगितलंय ना! रक्तदाब बघ किती चढलाय!"

काढे देणारी त्याची वैद्य बहीण शूमिन म्हणाली, "मिठाचं सोड, आधी आंबट बंद. आई, जीभ दाखव बघू."

दोघं हमरीतुमरीवर आली. म्हातारीने बरणी हिसकावून घेतली आणि एक फोड कुडुमकुडुम चावली.

"हा रोज दंड आवळतो, तू रोज जीभ बघतेस. त्या जिभेला हिवाळ्यापासून कशाची चव लागत नाही, हे विचारलंत कुणी? आता खाण्यातला हा आवाज तेवढा उरलाय. तोंडं मिटा दोघं, मला ऐकू द्या!"